सी ड्राइव्ह लाल झाला की काय पुसावं, काय ठेवावं

गेल्या मार्चमध्ये आमच्या बाजारपेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून फोन आला. वर्षअखेरीची धावपळ चालू होती आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडल्यावर कंपनीच दिसत नव्हती. जाऊन पाहिलं. आदल्या संध्याकाळी मालकांच्या पुतण्याने कॉम्प्युटर ‘साफ’ केला होता. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे जागा संपत आली, म्हणून तो एकेक फोल्डर उघडत गेला. एका ठिकाणी त्याला नुसत्या आकड्यांची नावं असलेले फोल्डर दिसले: १००००, १०००१, १०००२. आत सगळ्या अनोळखी फाइली. त्याने तिन्ही निवडले आणि शिफ्ट दाबून डिलीट केले. ते आकडे म्हणजे टॅलीतल्या कंपन्यांचे क्रमांक होते. एकेका फोल्डरमध्ये एकेका पेढीची अख्खी वही होती.

दिवाळीत पाडव्याच्या वहीपूजनाआधी कुणीतरी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता, तो देव्हाऱ्याच्या खणात सापडला. तिथपर्यंतचा हिशोब परत आला. पुढचे महिने मात्र मालकीणबाईंनी बिलांच्या गठ्ठ्यांवरून रात्री जागून पुन्हा भरले.

त्या मुलाला दोष देणं मला पटत नाही. त्याने मन लावून काम केलं होतं. फक्त परीक्षा चुकीची लावली: नाव ओळखीचं नाही, म्हणजे फाइल नको. बहुतेक लोक हीच परीक्षा लावतात, नाहीतर आकाराची लावतात, की मोठी दिसली, काढून टाका. कॉम्प्युटरमध्ये या दोन्ही परीक्षा फसतात. नाव विचित्र असलेली फाइल तुमचा वर्षाचा हिशोब असू शकते आणि छान नावाची फाइल निव्वळ रद्दी.

मी स्वतः एकच गोष्ट विचारतो. ही फाइल कोणी तयार केली, आणि ती गेली तर पुन्हा कोण तयार करू शकेल? ब्राउझरने वेबसाइट लवकर उघडावी म्हणून चित्रं साठवली असतील, तर ती पुसली तरी ब्राउझर उद्या पुन्हा साठवेल. विंडोजने अपडेट उतरवून घेतलं असेल, तर लागल्यास ते पुन्हा उतरवेल. पण लेकीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचं इतिवृत्त, टॅलीतल्या नोंदी हे माणसाने केलेलं आहे. कॉम्प्युटरला ते पुन्हा करता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर सातबारा जाऊ नये म्हणून आपण जी काळजी घेतो, तीच इथे घ्यायची.

आणि तिसरा गट आहे खुद्द विंडोजच्या फाइलींचा. त्या तुम्ही केल्या नाहीत आणि त्या गेल्यावर विंडोजच अंथरूण धरतं. त्यांच्यासाठी माझा नियम असा, की ज्याने फाइल ठेवली त्यालाच ती उचलायला सांगायची. आपण हात घालायचा नाही. हे कसं, ते पुढे येईलच.

आधी पुसणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ, कारण दुकानातला डेटा परत का आला नाही याचं उत्तर तिथे आहे. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हवर एक मोठी नोंदवही असते. कोणती फाइल कुठल्या जागेवर आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. साध्या डिलीटने फाइल रीसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. त्यामुळे सी ड्राइव्हवरची दोन जीबीची फाइल डिलीट केली तरी सी ड्राइव्हवर जागा वाढत नाही, आणि लोक चक्रावतात. बिन रिकामी केली किंवा शिफ्ट दाबून पुसलं, की नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ असा शेरा पडतो. मजकूर लगेच खोडला जात नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तसाच पडून राहतो. म्हणून पूर्वी दुरुस्तीवाले लोक पुसलेले फोटो परत काढून देऊ शकत.

एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या ड्राइव्हचं, तसं नाही. तिथे विंडोज ड्राइव्हला लगोलग कळवतं, की एवढे कप्पे आता नको आहेत. या निरोपाला ट्रिम म्हणतात, आणि विंडोज ७ पासून तो आपोआप जातो. ड्राइव्ह मग सवडीने ते कप्पे खरोखर रिकामे करून ठेवतो, कारण एसएसडीला जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही, आधी कप्पा कोरा करावा लागतो. वेगासाठी हे उत्तम आहे, पण पुसलेलं परत मिळवण्याची आशा जवळजवळ संपते. दुकानातला कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी एसएसडीवर नेला होता. मी दोन सॉफ्टवेअर लावून पाहिली, आकड्यांच्या फोल्डरची नावं दिसली, आत सगळी शून्यं. म्हणून आज कुणी शिफ्ट-डिलीटची सवय लावून घेतली असेल तर मी हात जोडून सांगतो, ती मोडा. साधं डिलीट करा आणि बिन आठवडाभर तशीच राहू द्या. एवढ्यात काही अडलं तर परत घेता येतं. पेन ड्राइव्हवरचं मात्र साध्या डिलीटनेही सरळ जातं, तिथे सहसा बिन नसते.

आता जागा कुणी खाल्ली ते बघू. एक गोष्ट आधीच सांगतो: १२८ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ११९ जीबी दिसतो, ही चोरी नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. त्यातून विंडोज, ऑफिस, टॅली आणि अँटिव्हायरस गेले की अशा ड्राइव्हवर श्वास घ्यायला फार जागा उरत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबीची अट घातली आहे, पण तेवढ्यात रोजचं काम करायचं म्हणजे एका खोलीत एकत्र कुटुंब.

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, मग स्टोरेज. सी ड्राइव्हवर काय किती आहे याच्या पट्ट्या तिथे दिसतात: अ‍ॅप, तात्पुरत्या फाइली, डॉक्युमेंट, चित्रं. याहून खोलात जायचं असेल तर विनडर्स्टॅट किंवा विझट्री ही घ्या. ही दोन्ही वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळतात आणि प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या चौकोनात दाखवतात. मला विझट्री जास्त आवडतं, कारण ते नोंदवहीच थेट वाचतं आणि काही सेकंदांत चित्र उभं करतं. पण या चित्रांचा मोह वाईट असतो. मोठा चौकोन दिसला की बोट डिलीटकडे जातं. ही साधनं बघण्यासाठी वापरा. पुसायचं काम शक्यतो विंडोजच्याच खिडकीतून करा.

ती खिडकी त्याच स्टोरेजमध्ये ‘तात्पुरत्या फाइली’ या नावाखाली आहे. इथे विंडोज आपल्याच फाइलींची यादी पुढ्यात ठेवतं आणि विचारतं, यातलं काय उचलू? यादीत आलेल्या बहुतेक गोष्टी बेधडक टिकमार्क करण्यासारख्या आहेत: तात्पुरत्या फाइली, लघुचित्रांचा साठा, चुकांचे अहवाल, अपडेट झाल्यावर उरलेलं सामान, आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे अपडेटचे जे तुकडे तुमचा कॉम्प्युटर इतरांना वाटण्यासाठी जवळ ठेवतो ते. हे सगळं कॉम्प्युटरने स्वतःसाठी केलेलं आहे, पुन्हा करू शकतो.

दोन ओळींपाशी मात्र थांबा. एक, ‘डाउनलोड्स’. विंडोजच्या दृष्टीने तो इंटरनेटवरून उतरवलेल्या वस्तूंचा ढीग आहे, पण आपल्याकडे तो घरातला माळा असतो. आधारची पीडीएफ, वीजबिल, परीक्षेचं हॉलतिकीट, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून घेतलेले लग्नाचे फोटो, सगळं तिथेच पडतं. या ओळीवर टिकमार्क आहे का, ते दर वेळी डोळ्यांनी बघा, आणि असेल तर काढा. डाउनलोड्स हाताने आवरायचं. आकारानुसार लावून घ्या, वरच्या दहा-वीस फाइलींतच निम्मं काम होतं, कारण तिथे बहुधा सॉफ्टवेअरचे जुने इन्स्टॉलर आणि एकाच पीडीएफच्या चार प्रती असतात.

दुसरी ओळ ‘आधीचं विंडोज’. मोठं अपडेट झालं किंवा १० वरून ११ वर गेलात, की जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये बांधून ठेवलं जातं. दहा दिवस ते परतीचं तिकीट असतं. नवीन विंडोजवर प्रिंटर चालेना किंवा बँकेचं टोकन ओळखेना, तर या मुदतीत मागे जाता येतं. त्यानंतर विंडोज स्वतःच ते काढतं. हा फोल्डर सहज दहा-वीस जीबी खातो, पण जागेची अगदीच निकड नसेल तर ते दहा दिवस थांबा.

तात्पुरत्या फाइली हातानेही काढता येतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की एक छोटी चौकट येते, तिच्यात टक्क्याचं चिन्ह, मग टेम्प, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करायचं. जो फोल्डर उघडतो तो तुमच्या नावावरचा टेम्प. आधी चालू असलेले सगळे प्रोग्रॅम बंद करा, शक्य तर कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा, मग आतलं सगळं निवडून डिलीट करा. काही फाइली ‘वापरात आहे’ म्हणतील, त्या सोडून द्या. रीस्टार्ट आधी का? कारण अर्धवट झालेलं एखादं इन्स्टॉलेशन आपलं सामान टेम्पमध्ये ठेवून रीस्टार्टची वाट बघत बसलेलं असतं. ते मध्येच पुसलं तर इन्स्टॉलेशन अडकतं.

विझट्रीच्या चित्रात दिसणारा आणखी एक मोठा चौकोन म्हणजे ‘हायबरफिल’. लॅपटॉप हायबरनेट होताना, म्हणजे उघडं काम जपून बंद होताना, रॅममधलं (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतलं) सगळं या फाइलीत उतरवलं जातं. ती सहसा रॅमच्या चाळीस टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला साडेसहा जीबीच्या आसपास. ही फाइल हाताने पुसता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. प्रशासक म्हणून कमांडची खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की विंडोज हायबरनेट बंद करून ती फाइल स्वतः काढतं. ज्याने ठेवली त्याला उचलायला सांगा, तो नियम हाच. पण त्याबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे कॉम्प्युटर लवकर सुरू होण्याची सोयही जाते, आणि बॅटरी संपत आल्यावर उघडं काम वाचवणारी सोयही जाते. दुकानातल्या डेस्कटॉपवर मी ते बंद करतो. जिथे वीज केव्हाही जाते अशा गावातल्या लॅपटॉपवर करत नाही. शेजारची ‘पेजफाइल’ मात्र मुळीच छेडू नका. रॅम कमी पडली की विंडोज तिथे टेकतं.

आता ज्या फोल्डरवर लोकांचा सगळ्यात जास्त डोळा असतो, तो: विनएसएक्सएस, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांचं कोठार. एक्सप्लोररमध्ये त्याचा आकार पाहिला तर छातीत धस्स होतं. पण तो आकडा फसवा आहे. विंडोजच्या पुष्कळ फाइलींना दोन नावं असतात, एक विनएसएक्सएसमध्ये आणि एक सिस्टिम ३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्ये, आणि दोन्ही नावं ड्राइव्हवरच्या एकाच मजकुराकडे जातात. एका घराला पुढचं आणि मागचं अशी दोन दारं असावीत तसं. एक्सप्लोरर दारं मोजतो आणि म्हणतो दोन घरं. तेव्हा हा फोल्डर पुसून वाटतं तेवढी जागा सुटत नाही, आणि विंडोज मात्र अपडेट घ्यायचं किंवा सुरूच व्हायचं थांबतं. त्यातलं खरोखर जुनं झालेलं काढण्याचं काम वर सांगितलेल्या यादीतली ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ ही ओळ करते. तेवढं पुरे.

विंडोज फोल्डरच्या पोटात लपवलेला ‘इन्स्टॉलर’ फोल्डर तसाच. आत नुसते आकडे-अक्षरं असलेल्या मोठ्या फाइली, अगदी कचऱ्यासारख्या. तो पुसला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि हीच त्याची खोड आहे. सहा महिन्यांनी ऑफिसचं अपडेट येतं किंवा एखादा प्रोग्रॅम काढायचा असतो, तेव्हा ते मूळ इन्स्टॉलेशन फाइल मागतं आणि ती नसते. प्रोग्रॅम ना सुधारता येतो, ना काढता येतो. यासाठीच प्रोग्रॅम काढायचा तो सेटिंग्जमधल्या अ‍ॅप यादीतून, प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर उचलून नव्हे.

फाइल पुसताना ‘ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी हवी’ असा निरोप आला, तर तो निरोप तुमच्या बाजूचा आहे. विंडोजने आपल्या मुख्य फाइलींची मालकी या नावावर ठेवली आहे, प्रशासकाचीसुद्धा नाही. इंटरनेटवर ही मालकी काढून घ्यायच्या युक्त्या भरपूर मिळतात. त्या वापरून मोकळी झालेली जागा शेवटी नवीन विंडोज टाकण्यातच खर्च झालेली मी पाहिली आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: फॉन्ट. श्री-लिपी, शिवाजी असे युनिकोड ही आजची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीचे फॉन्ट अजून छपाईच्या दुकानांत, संस्थांच्या कचेऱ्यांत, जुन्या शाळांत आहेत. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असतात. फाइलीत साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट पुसला की वीस वर्षांचे अहवाल, स्मरणिका, पत्रव्यवहार सगळं एका क्षणात इंग्रजी अक्षरांचा खिचडा होतं. असा एक फॉन्ट फार तर काही शे केबीचा असतो. त्याने जागा सुटत नाही, कागदपत्रं मात्र मुकी होतात. उलट, असे फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर असतील तर आजच त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. आउटलुक हा ईमेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनीही असंच एका अक्षराकडे लक्ष द्यावं. ‘ओएसटी’ फाइल ही सर्व्हरवरच्या पत्रांची नक्कल असते, पण ‘पीएसटी’ बहुधा पत्रांची मूळ आणि एकमेव प्रत असते.

रिकामं समजून भरलेलं पुसण्याची चूक जाणकारांच्या हातूनही होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टला तिचं वाटप थांबवावं लागलं, कारण काहींची डॉक्युमेंट आणि फोटो गायब झाले. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, त्यांच्याकडे जुन्या जागी त्याच नावाचा फोल्डर उरत असे. तो रिकामा दिसतो, उगाच दोनदा येतो, अशा तक्रारी होत्या, म्हणून अपडेटने तो काढून टाकला. पण काही लोकांच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये अजून खऱ्या फाइली होत्या. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. मोठं अपडेट घ्यायच्या आधी बॅकअप घ्या असं मी सांगतो, ते यामुळे.

आणि फॉरवर्ड होऊन आलेला सल्ला. २००२ साली ईमेलवरून एक इशारा जगभर फिरला होता, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल आहे, तो व्हायरस आहे, लगेच पुसा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोधलं, अस्वल खरंच सापडलं, आणि पुसलं. ती विंडोजबरोबरच येणारी, प्रोग्रॅमरच्या कामाची साधी फाइल होती. ईमेल गेलं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं, एवढाच बदल. ‘ही फाइल शोधा आणि पुसा’ असं कुणी सांगितलं की आधी विचारा, ती कोणी ठेवली आहे.

एका बटणात सगळं साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही माझा भरवसा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घुसून घातक कोड घातला होता, आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ज्याला सगळीकडे पुसण्याची मुभा आहे त्याच्याच घरात चोर शिरला, तर काय उरतं? रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम यांच्या सेटिंग्जची वही, साफ करणारी साधनं तर सरळ टाळा. तिथे सुटणारी जागा मोजण्याइतकीही नसते आणि बिघाड झाला तर सापडत नाही.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, असेल तर एक गल्लत फार होते. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधले फोटो डिलीट केले, तर ते सगळीकडून जातात, फोनवरच्या वनड्राइव्हमधून आणि ऑनलाइनही. तो फोल्डर म्हणजे आरसा आहे. परगावी, परदेशी असलेल्या मुलांबरोबर आईवडिलांनी एकच खातं वापरलं असेल, तर इथे पुसलेलं तिकडे पुसलं जातं. त्याऐवजी फाइलीवर उजवं क्लिक करून ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय घ्यायचा. फाइल ऑनलाइन राहते, लॅपटॉपवर फक्त तिचं नाव उरतं. चुकून पुसलंच असेल तर वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन बिनमध्ये तीस दिवस असतं, तेवढ्यात काढून घ्या.

त्या हार्डवेअरच्या दुकानात आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर हलवला आणि त्या फोल्डरच्या नावातच ‘हिशोब, पुसू नये’ असं लिहिलं. आकड्यांच्या फोल्डरची नावं बदलली नाहीत, कारण टॅली त्याच नावांनी त्यांना ओळखतं. दर शनिवारी दुकान बंद करताना बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर आळीपाळीने घ्यायचा, एक गल्ल्यात, एक घरी. मग स्टोरेजच्या यादीतून तात्पुरत्या फाइली काढल्या, डाउनलोड्समधले इन्स्टॉलर काढले, हायबरनेट बंद केलं. एकतीस जीबी मोकळे झाले, पट्टी निळी झाली. सगळं काम त्या पुतण्यानेच केलं, मी शेजारी बसलो होतो. प्रत्येक फोल्डरपाशी तो थांबायचा आणि मला विचारायचा, ‘काका, ही कोणी केलीय?’